रस्ता ओलांडताना आधी उजवीकडेच का बघायचं?
आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे फुटपाथवरून पाऊल खाली टाकताच सगळ्यात जवळची गाडी येते ती उजवीकडून. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे हा क्रम त्यातूनच आला. (उलट दिशेने घुसणारे दुचाकीस्वार तो मानत नाहीत, ते वेगळं!) पहिली-दुसरीतल्या मुलाला गाडी दिसते, पण तिचा वेग जोखता येत नाही. ताशी ४० किलोमीटरने येणारी रिक्षा सेकंदाला ११ मीटर कापते. त्यात उभ्या टेम्पोआडचं मूल चालकाला दिसतच नाही. एसटीतून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत थांबायचंच. फुटपाथ नसेल तर उजव्या कडेने, समोरची वाहनं बघत चालायचं. मूल कडेला, मोठा माणूस रहदारीच्या बाजूला. आणि धरायचं ते मनगट; बोटं सुटतात.