मुक्या जीवाचा वैद्य निवडताना

माल घेताना आपण चार पेढ्यांचे भाव पाहतो. घरातल्या मांजराला घेऊन मात्र जवळची पाटी दिसेल तेथे शिरतो. ही पारख जीव आजारी पडण्यापूर्वीच करावयास हवी.

पहिली पारख नोंदणीची. पशुवैद्यकाची नोंदणी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

दुसरी रात्रीच्या सोयीची. गल्लीतला दवाखाना लसीकरणास व किरकोळ तक्रारींस उत्तम. तेथील डॉक्टर आपल्या जनावरास ओळखतात. परंतु बोक्याची लघवी अडली तर एकदोन दिवसांत प्राणावर बेतते. सकाळची वाट पाहणे धोक्याचे ठरते. अशा वेळी एक्स-रे, शस्त्रक्रिया व दाखल करून घेण्याची व्यवस्था असलेले रुग्णालय लागते. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांची शुश्रूषा करीत आले आहे. आपल्या गावी अशी सोय कोठे आहे व ती रात्री उघडी असते का, हे आधीच विचारून ठेवावे.

तिसरी पारख बोलण्याची. आजार, उपाय आणि खर्च आधी समजावून सांगणारा, पुढील लसीची तारीख कार्डावर लिहून देणारा डॉक्टर चार पैसे अधिक घेत असला तरी महाग नव्हे. महाग पडते ती घरगुती वैद्यकी : आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे.

नेहमीचा दवाखाना आणि रात्रीचे रुग्णालय, दोहोंचे दूरध्वनी क्रमांक आजच दाराशी लिहून ठेवावेत. मुका जीव दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने चौकशी करणे हे घरच्यांचेच कर्तव्य होय.