व्हिसेरा राखून ठेवला

खालापूर तालुक्यातलं महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं गाव. १८ जून २०१८ला, सोमवारी, गावातल्या एका घरी वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगती उठल्यावर काही वेळातच लोकांना मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू झाल्या. मिळेल त्या गाडीत घालून माणसं खोपोलीला, पनवेलला, नवी मुंबईला हलवली गेली. ऐंशीहून जास्त लोकांना बाधा झाली, पाच जण दगावले आणि त्यांत लहान मुलं होती. पहिला अंदाज कुणीही बांधला असता तोच होता: जून महिना, दमट हवा, मोठा स्वयंपाक, म्हणजे काहीतरी नासलं असणार. आठवडा उलटायच्या आत पोलिसांनी नात्यातल्याच एका स्त्रीला अटक केली आणि आमटीत कीटकनाशक कालवल्याचा आरोप ठेवला. घरातला अपमान आणि टोमणे हे त्यामागचं कारण सांगण्यात आलं.

त्या रात्रीचे पहिले तास मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटतात. शंभर माणसं एकदम ओकायला लागली की डॉक्टरपुढे दोन कामं असतात. एक उघड आहे, जीव वाचवणं. दुसरं कुणी सांगत नाही, पण खटला उभा राहणार की कोसळणार हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं: काय झालंय ते ओळखून त्याचा पुरावा बाजूला ठेवणं. न्यायवैद्यकाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर कालिन्याची प्रयोगशाळा येते, मोठाली यंत्रं येतात. पण प्रयोगशाळेला बाटलीत जे पाठवलंय तेवढंच सापडू शकतं. ती बाटली कर्जत तालुक्यातल्या कडावसारख्या गावात, कर्जतच्या किंवा खोपोलीच्या सरकारी दवाखान्यात भरली जाते, किंवा भरायची राहून जाते.

कडाव ही आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची बाजारपेठ. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर या पट्ट्यात पावसाळी भाताबरोबर उन्हाळी भातही होतं. भात आलं की खोडकिडा आला, आणि खोडकिडा आला की दुकानातून ‘औषध’ घरी येतं. फोरेट हे त्यांतलं जुनं नाव. शेतकऱ्याला ते दाणेदार थायमेट म्हणून ठाऊक. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला, त्यात फोरेट होतं. मात्र त्याचा वापर थांबवायची तारीख ३१ डिसेंबर २०२० ठेवली होती. (बंदी घातलेलं औषध माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून कधी हद्दपार होतं, ते आदेशात लिहिता येत नाही.) विषारी कीटकनाशक घरात असणं ही खेड्यात अपवादाची गोष्ट नाही. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर मेले. तिथे तर कुणी कुणाच्या ताटात काही घातलं नव्हतं.

फोरेट ज्या कुळातलं, त्या ऑरगॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषाची ओळख रोग्याच्या डोळ्यांत पटते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य संदेश पोचवतं, आणि काम झालं की कोलिनेस्टरेज हे विकर त्याचा निचरा करतं. हे विष त्या विकरालाच जखडून टाकतं. मग संदेश थांबतच नाहीत. लाळ गळते, डोळे पाझरतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, जुलाब होतात, दंडाच्या आणि पापणीच्या स्नायूंची बारीक फडफड दिसते. छातीत पाणी भरल्यासारखी घरघर होते आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. शिळ्या अन्नाने उलट्या-जुलाब होतील, पण बाहुल्या अशा आकसणार नाहीत. धोतऱ्याच्या बियांनी नेमकं उलटं होतं: बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, रोगी बरळतो. गंमत अशी की ऑरगॅनोफॉस्फेटवर उतारा म्हणून दिलं जाणारं अ‍ॅट्रोपीन हे धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींमधलंच द्रव्य आहे. म्हणजे खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला एका बॅटरीच्या उजेडात, कुठल्याही यंत्राशिवाय, निम्म्याहून अधिक दिशा कळू शकते. ती वेळेसकट केसपेपरवर लिहिलेली असली, तर पुढे न्यायालयात त्या ओळीचं मोल प्रयोगशाळेच्या अहवालाइतकंच असतं.

असं टिपून ठेवण्यातून काय उभं राहतं, याचं उदाहरण शोधायला रायगड जिल्हा सोडावा लागत नाही. दक्षिणेकडे सावित्रीकाठी महाड आहे. त्या तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं रात्रीत फुफ्फुसात पाणी भरून जात होती. बावस्करांनी खाटेशेजारी बसून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, रक्तदाब आणि नाडी तासातासाला टिपली. १९८२मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि १९८६मध्ये प्राझोसिन या रक्तदाबावरच्या गोळीचा उपयोग तिथेच प्रसिद्ध झाला. विंचवाने मरणाऱ्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याच्या आसपास आलं. २०११मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत सत्तर रुग्ण होते. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या पस्तिसांपैकी आठ जण दहा तासांत पूर्ण सावरले होते, तर सोबत प्रतिविषही मिळालेल्या पस्तिसांपैकी बत्तीस. हे न्यायवैद्यक नव्हे, उपचाराचं विषशास्त्र आहे. पण दोन्हींचं मूळ एकच: काय दिसलं, किती वाजता दिसलं, आणि ते कुणी लिहून ठेवलं.

रोगी दगावला की मात्र वाट बदलते. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, आणि शवविच्छेदन बहुतेक वेळा तालुक्याच्या सरकारी डॉक्टरलाच करावं लागतं. तो काही न्यायवैद्यकातला पदव्युत्तर नसतो. सकाळी त्याने लसीकरण केलेलं असतं, दुपारी बाळंतपण. विषाचा संशय असेल तर जठराची दोन्ही टोकं दोऱ्याने बांधून ते बाहेर काढायचं, उघडून आतलं अस्तर आणि अन्न पाहायचं, वास घ्यायचा. मग जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा वरचा तुकडा एका रुंद तोंडाच्या बाटलीत. यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग दुसरीत. रक्त वेगळ्या कुपीत, सोडियम फ्लोराइड घालून. अवयवांच्या दोन्ही बाटल्यांत वरून मिठाचं संपृक्त द्रावण. बाटली काठोकाठ भरायची नाही, तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा, कारण कुजण्यातून वायू सुटले तर झाकण उडतं. झाकणाला रबर नको, ते क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं शोषून घेतं. आणि एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याची. विष त्या मिठातूनच आलं असेल, असं उद्या कुणी म्हणू नये यासाठी ती पाठवायची. ही चौथी बाटली मला फार आवडते. समोरच्या वकिलाचा प्रश्न आधीच ओळखून ठेवलेलं ते उत्तर आहे. लाखेचं सील, शिक्क्याचा नमुना, लेबल, पोलीस शिपायाची सही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं: मृत्यूचं कारण अस्पष्ट, व्हिसेरा राखून ठेवला.

पुढे येतो तो सी.ए. रिपोर्ट, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. त्यात ‘विष आढळलं नाही’ असं असलं की गावात दोन तट पडतात. एकाला वाटतं माणूस निर्दोष ठरला, दुसऱ्याला वाटतं पैसे चारले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्याचा अर्थ यापेक्षा साधा असतो. विष उलटीतून गेलं असेल. पोट धुतलं गेलं असेल आणि ते पाणी मोरीत ओतलं असेल. शरीराने ते मोडून टाकलं असेल. प्रेत कुजलं असेल. किंवा ज्याचा शोध घेतला ते विष नव्हतंच आणि जे होतं त्याची चाचणी लावली गेली नाही. वनस्पतिजन्य विषं अवयवांतून वेगळी काढण्याची पद्धत बेल्जियमच्या जाँ स्तास याने १८५०मध्ये शोधली, तीही एका खुनाच्या तपासात. एका सरदाराने आपल्या मेहुण्याला निकोटीन पाजलं होतं आणि खूण राहू नये म्हणून मृताच्या तोंडात व्हिनेगर ओतलं होतं. स्तासने तरीही अवयवांतून निकोटीन काढून दाखवलं आणि सरदाराला गिलोटीनवर जावं लागलं. त्या पद्धतीचे वारस आजही प्रयोगशाळांतून वापरात आहेत.

विष आढळलं नाही तर काय, या प्रश्नावरचा भारतातला सर्वांत गाजलेला खटला कर्जतवरून गेलेला आहे, शब्दशः. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री पुण्याहून निघालेली पॅसेंजर बोरघाट उतरून कर्जतमार्गे मुंबईला गेली. तिच्यात लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या सधन विधवा होत्या आणि सोबत त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू. लक्ष्मीबाईंना मधुमेह होता आणि मुंबईच्या एका तज्ज्ञाला दाखवायचं असं ठरलं होतं. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं, पण नाव दिलं वेगळंच, इंदुमती. झटके येतात असं सांगितलं, मधुमेहाचं सांगितलं नाही. त्याच दिवशी साडेअकराच्या सुमारास त्या गेल्या.

प्रेत न्यायला कुणी आलं नाही. लागूंनी रुग्णालयाला कळवलं की नातेवाईक येईल. तो यायचाच नव्हता. अखेर बेवारस म्हणून प्रेत विद्यार्थ्यांच्या शरीरविच्छेदनासाठी वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं, आणि तिथे गळ्यावरची एक खूण कुणाच्या तरी नजरेला खटकली. ती खटकली नसती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मृत्यूनंतर दहा दिवसांनी शवविच्छेदन झालं. मत पडलं: मधुमेहाची मूर्च्छा. व्हिसेऱ्यात विष आढळलं नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येत होती. आपण जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न करून जयपूरकडे राहतो, असा मजकूर. त्यांचे शेअर, बँकेतले पैसे, घरातलं सामान लागूंच्या हाती सरकत होतं. पुढे संशय बळावला, तक्रारी झाल्या आणि १९५८मध्ये अटक झाली. न्यायालयात रुग्णालयाचे कागद उलगडले तेव्हा दिसलं की मधुमेहाच्या मूर्च्छेचं निदान ज्यावर टेकलं होतं, ती लघवीतल्या अ‍ॅसिटोनची चाचणी झालेलीच नव्हती. तिची नोंद मागाहून घातलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ला फाशी कायम केली. न्या. हिदायतुल्लांच्या निकालपत्राचा आशय असा की, विषाचं नाव सांगता आलं नाही म्हणून खून सिद्धच होत नाही असं नाही. एका डॉक्टरने वैद्यकीय ज्ञान वापरून केलेल्या गुन्ह्यात माग न सापडणं अपेक्षितच असतं, आणि मृत्यूच्या आधीचं व नंतरचं वर्तन बोलू शकतं. पीठ तिघांचं होतं. न्या. सरकार यांनी वेगळं मत दिलं: मृत्यू अनैसर्गिक होता हेच निर्विवाद ठरत नाही. हे दुसरं मतही सवडीने वाचावं. एकाच केसपेपरमधून दोन चांगल्या न्यायाधीशांना दोन गोष्टी दिसल्या, कारण त्या केसपेपरमध्ये जे असायला हवं होतं ते नव्हतं.

तेव्हाचं शास्त्र कुठवर आलं होतं, याचा अंदाज एका तारखेवरून येतो. लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, मे १९५७मध्ये, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो या नर्सची पत्नी बाथटबात मेलेली सापडली. तिच्या नितंबावर सुईच्या खुणा दिसल्या. तिथलं मांस कापून काढून त्याचा अर्क उंदरांना टोचला, तेव्हा इन्शुलिन सिद्ध झालं. इन्शुलिनने केलेला खून शास्त्राने असा पकडण्याची ती पहिली वेळ. लागू खटल्यात इन्शुलिन होतं असं म्हणायला आधार नाही. मात्र पाहणाऱ्याने योग्य जागी, योग्य वेळी पाहिलं तर तेव्हाच्या साधनांनीही बरंच कळत होतं.

आता उलटी बाजू. जून १९८२मध्ये पुण्यात एका तरुण विवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी देशभर उद्‌धृत होतो. विषाच्या खटल्यासाठीही त्यात मोजमाप घालून दिलं आहे: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीकडे ते विष असणं, आणि ते देण्याची संधी. विषाचं नाव ठाऊक होतं, पण ते आरोपीकडे होतं याचा पुरावा नव्हता आणि आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती. पुण्याचेच दोन खटले. एकात विषाला नाव नाही तरी फाशी, दुसऱ्यात नाव आहे तरी सुटका. मला दोन्ही निकालांत विसंगती दिसत नाही. विष कुठलं हे प्रयोगशाळा सांगेल. ते कुणी दिलं हे सांगणं तिचं काम नाही.

कायदा आता प्रयोगशाळेला घटनास्थळी न्यायला निघाला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)नुसार सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करणं बंधनकारक होणार आहे, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे. पण विषबाधेत गुन्हा आहे हे कळेपर्यंत पातेली घासून झालेली असतात, पंगतीच्या पत्रावळी जाळलेल्या असतात आणि रोगी तीन रुग्णालयं पुढे गेलेला असतो. त्या अवधीत उलटीचा नमुना, नळीतून काढलेलं पहिलं पाणी आणि अ‍ॅट्रोपीन देण्याआधीचं रक्त झाकणबंद करून ठेवू शकेल असा माणूस एकच असतो: रात्रपाळीचा वैद्यकीय अधिकारी, नाहीतर त्याच्या सोबतची सिस्टर. अशा रात्रीसाठी रिकाम्या, स्वच्छ, लेबल लावलेल्या चार बाटल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात असाव्यात, एवढीच माझी सूचना आहे, आणि तिला कसल्याही नव्या कायद्याची गरज नाही.