चार्जरच्या डबीत काय घडते?

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुन्या धाटणीचा अ‍ॅडॉप्टर हातात घेतला की त्याचे वजन जाणवते. मोबाईलचा चार्जर मात्र मुठीत मावतो. काम दोघांचे एकच : घरातल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहातून कमी दाबाचा एकदिश प्रवाह मिळवणे. मग वजनात एवढा फरक का?

घरातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. इतक्या संथ गतीला रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोठे लागते. गती वाढली की तेच काम लहान रोहित्र करते. म्हणून चार्जर आधी प्रवाह एकदिश करतो. तेव्हा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो, जोडतो. चिमुकले रोहित्र दाब उतरवते. डायोड आणि कपॅसिटर प्रवाह पुन्हा एकदिश व सपाट करतात. दाब बदलू लागला, तर जोडणीचा वेळ आपोआप कमी-जास्त होतो. यालाच ‘स्विच मोड पॉवर सप्लाय’ म्हणतात.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते रोहित्रातले विद्युतरोधक आवरण. ३२५ व्होल्ट आणि आपला हात यांच्यामध्ये मुख्य आडोसा त्याचाच. निकृष्ट चार्जरमध्ये काटकसर नेमकी तिथेच होऊ शकते. तेव्हा मित्रहो, चार्जर घेताना किमतीआधी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण पाहा.