लागोआ सांताची तीन वर्षे

विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट ठेवून एखादा मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकाच्या खेड्यात जाऊन राहू लागला, तर कोणत्याही घरात काळजीचे वातावरण पसरेल. शिक्षणाचे काय, व्यवसायाचे काय, हाती काय लागणार, असे प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतीलच. १८६३ साली डेन्मार्कमधील एका विद्यार्थ्याने नेमके हेच केले. त्याचे नाव युजेनियस वार्मिंग. वय अवघे एकवीस. ब्राझीलच्या अंतर्भागातील लागोआ सांता या लहानशा गावात त्याने जी वर्षे काढली, त्यांतून पुढे विज्ञानाच्या एका नव्या शाखेची पायाभरणी झाली. ती वर्षे कशी गेली आणि त्यांचे फळ कोणत्या मार्गाने मिळाले, हे आजच्या तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

वार्मिंगचा जन्म १८४१ चा, डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या मान्डो या चिमुकल्या बेटावरचा. वडील तेथील धर्मोपदेशक होते. मुलगा तीन वर्षांचा होण्यापूर्वीच ते निवर्तले आणि एकुलत्या एका मुलाला घेऊन आई आपल्या भावाच्या आश्रयाला गेली. १८५९ साली मुलाने कोपनहेगन विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासाला प्रारंभ केला. चार वर्षांनी ब्राझीलहून चालून आलेली एक संधी त्याने स्वीकारली. १८६३ याच वर्षी त्याचे मातृछत्रही हरपले.

ही संधी होती एका वयोवृद्ध संशोधकाच्या लेखनिकाची. पीटर विल्हेल्म लुंड हे डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ १८२५ साली प्रथम ब्राझीलला गेले, ते प्रकृतीच्या कारणाने. त्यांच्या घराण्यात क्षयाची बाधा होती आणि उष्ण हवा मानवेल अशी आशा होती. पुढे ते लागोआ सांता येथे कायमचे स्थायिक झाले. परिसरातील चुनखडीच्या गुहा धुंडाळून त्यांनी नामशेष झालेल्या अनेक प्राण्यांची हाडे उजेडात आणली. सुळ्यासारखे लांब दात असलेल्या एका प्रचंड मार्जारवर्गीय प्राण्याला १८४२ साली ‘स्मायलोडॉन पॉप्युलेटर’ हे नाव त्यांनीच दिले. आपला सारा संग्रह त्यांनी डेन्मार्कच्या राजाला अर्पण केला आणि गुहांचे काम थांबवले. गाव मात्र सोडले नाही. त्यांचे जुने सहकारी, नॉर्वेचे चित्रकार आंद्रेआस ब्रांट १८६२ मध्ये वारले. गावाची दफनभूमी कॅथलिकांची; प्रॉटेस्टंट पंथीयाला तेथे जागा नव्हती. म्हणून ब्रांट यांच्यासाठी लुंड यांना निराळी जागा करावी लागली. अशा एकाकी झालेल्या, साठी ओलांडलेल्या गृहस्थाच्या सोबतीला हा तरुण आला.

खेचरांची वाट

ज्या वर्षी आपल्याकडे बोरघाटातून आगगाडी धावू लागली, त्याच वर्षाची ही गोष्ट. मिनास जेराइस प्रांताच्या या भागात मात्र अद्याप लोहमार्ग पोहोचला नव्हता. अटलांटिक महासागर ओलांडण्यासच कित्येक आठवडे लागत. रिओ दि जानेरोच्या बंदरात उतरल्यावर पुढे डोंगर चढून शेकडो किलोमीटरचा प्रवास, तोही घोड्या-खेचरांवरून. त्या देशातील सारा अंतर्गत व्यापार तेव्हा खेचरांच्या तांड्यांवर चाले. किनाऱ्याकडे कॉफी आणि कापूस उतरे, अंतर्भागाकडे मीठ, लोखंड आणि कापड चढे. आपल्याकडील बैलांच्या तांड्यांची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. आज या भागाची राजधानी असलेले बेलो होरिझोन्ती हे शहर तेव्हा अस्तित्वातच नव्हते. ते १८९७ साली वसले.

लागोआ सांता या नावाचा अर्थ ‘पवित्र तळे’. तळ्याच्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात अशी जुनी श्रद्धा होती आणि तीवरूनच गावाला हे नाव पडले. तळ्याकाठी थोडी घरे, एक चर्च, भोवती तांबड्या मातीचे माळ. मिनास जेराइस म्हणजे ‘सर्वसाधारण खाणी’. एके काळी सोन्यासाठी या प्रांतात माणसांची रीघ लागली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोने ओसरले आणि लोक शेती व गुरे यांकडे वळले. देशावर सम्राट दुसरा पेद्रो याचे राज्य होते. गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८८८ साली संपुष्टात आली. युरोपातून आलेल्या तरुणाला भोवतालचे जीवन ज्या श्रमांवर उभे दिसत होते, त्यांतील बरेच श्रम मोबदल्यावाचून घेतलेले होते.

नवख्याची परीक्षा

परक्या देशात पहिली परीक्षा घेते ते अन्न. मिनास जेराइसच्या खेड्यातील रोजचे जेवण म्हणजे राजम्याच्या जातीचा घेवडा, मक्याचे पीठ, भात आणि मँडिओका या कंदाचे भाजलेले पीठ. सोबत डुकराची चरबी आणि खारवलेले मांस. गोडासाठी उसाच्या रसाची आटवलेली ढेप. ती आपल्या गुळाची सख्खी बहीणच. मँडिओकाच्या कडू जातीत विष असते. म्हणून कंद किसून, दाबून, रस काढून मगच तो कढईत भाजतात. मूळ रहिवाशांनी शोधलेली ही रीत पुढे साऱ्या देशाने उचलली. हाच कंद पोर्तुगीजांच्या मार्फत भारतात आला आणि आपल्या बाजारातील साबुदाणा बहुतांशी त्याच्याच पिठापासून तयार होतो, हे अनेक किराणा व्यापाऱ्यांनाही ठाऊक नसते.

दुसरी परीक्षा भाषेची. पोर्तुगीज आल्यावाचून साधे पीठ विकत घेणे किंवा वाट विचारणे शक्य नव्हते. तिसरी परीक्षा लहान जिवांची. कोरड्या महिन्यांत गवतातून चालले की बारीक गोचिडींचे थवे कपड्यांवर चढत. तेथे ‘बिशू-दि-पे’, म्हणजे ‘पायातला किडा’, या नावाची एक पिसू तळपायाच्या कातडीखाली घर करते. ती सुईच्या टोकाने अलगद काढण्याची कला गावातील बायाबापड्यांकडूनच शिकावी लागते. पुस्तकी विद्या घेऊन आलेल्या नवख्याला अशा वेळी गावातील निरक्षर माणूस गुरू होतो.

ऋतूही उलटे. आपल्याकडे पावसाळा ऐन भरात असतो, तेव्हा तेथे थंड, कोरडा काळ चालू असतो. पाऊस साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. घरची बातमी समजण्यास फार अवधी लागे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि श्लेस्विग-होल्स्टाइनचा मुलूख गेला. त्या वेळी हा तरुण समुद्रापार होता. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलही पॅराग्वेबरोबरच्या दीर्घ युद्धात ओढला गेला.

रोजची फेरी आणि टिपण

लुंड यांच्याकडील कामातून मिळणारा वेळ वार्मिंगने झाडाझुडपांना दिला. मोठमोठ्या मोहिमा काढणारे शास्त्रज्ञ एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जात, दुर्मीळ फूल दिसले की खुडत आणि पुढे सरकत. वार्मिंगला तसे फिरता येण्यासारखे नव्हते. एका गावाच्या पंचक्रोशीत तो बांधला गेला होता. हीच त्याची मर्यादा आणि हेच त्याचे भाग्य. तीच झुडपे त्याने उन्हाळ्यात पाहिली, पावसात पाहिली, पुढल्या वर्षी पुन्हा पाहिली. कोणते झाड केव्हा फुलते, पाने केव्हा गाळते, कोणाच्या शेजारी कोण उगवते, याची त्याने नोंद ठेवली. या परिसरातून अडीच हजारांहून अधिक जातींच्या वनस्पती त्याने गोळा केल्या. प्रत्येक नमुना कागदात दाबून वाळवायचा, दमट हवेत बुरशीपासून आणि मुंग्यांपासून राखायचा, हे काम किती चिकाटीचे असते, हे दुकानातील माल पावसाळ्यात सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या माळरानाला ब्राझीलमध्ये ‘सेर्राडो’ म्हणतात. झाडे वेडीवाकडी, जाड सालीची. मधून मधून गवत. कोरड्या महिन्यांच्या अखेरीस गुरांसाठी कोवळे गवत यावे म्हणून लोक माळाला आग लावत. सारा प्रदेश धुराने भरून जाई आणि मागे काळी राख उरे. नवख्याला वाटावे, सर्व संपले. परंतु पावसाचा थेंबही पडण्यापूर्वी त्या राखेतून हिरवे कोंब वर येत आणि कित्येक झुडपे तर फुलांनीच प्रकट होत. पाणी नसताना हे बळ आले कोठून?

उत्तर मातीखाली होते. येथील अनेक झुडपांचा जो भाग डोळ्यांना दिसतो, तो अगदी थोडा. खरा देह जमिनीत, जाड लाकडी खोडांच्या आणि मुळांच्या रूपाने असतो. ‘आंदिरा’ कुळातील एका वनस्पतीचे वार्मिंगने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. वरून पाहता ती वेगवेगळ्या खुज्या झुडपांचा ताटवा वाटते. खाली मात्र ती सर्व एकाच झाडाच्या फांद्या निघतात. झाड जणू जमिनीत उभे आणि केवळ शेंडे बाहेर. आग शेंडे जाळते; मूळ अबाधित राहते.

सव्वीस वर्षांची प्रतीक्षा

१८६६ साली वार्मिंग मायदेशी परतला. म्युनिकला जाऊन त्याने मार्टियस या ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञाजवळ अध्ययन केले; मार्टियस स्वतः तरुणपणी ब्राझील हिंडून आले होते. १८७१ मध्ये वार्मिंगने डॉक्टरेट मिळवली, पुढे स्टॉकहोम आणि कोपनहेगन येथे प्राध्यापकपद भूषवले. परंतु लागोआ सांताचे ऋण त्याच्या मनातून गेले नव्हते. आणलेल्या नमुन्यांची जात ठरवण्यासाठी त्याने निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. १८६७ पासून १८९३ पर्यंत हे काम हप्त्या-हप्त्याने प्रसिद्ध होत राहिले. ‘लागोआ सांता’ हा त्याचा मुख्य ग्रंथ आला तो १८९२ साली, म्हणजे गाव सोडल्यानंतर सव्वीस वर्षांनी. १८९५ मध्ये वनस्पतींच्या समूहजीवनावर त्याने लिहिलेले पुस्तक हे वनस्पति-परिसंस्थाशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते. वनस्पती एकेकटी न पाहता तिची माती, पाणी, हवा आणि शेजारी यांच्यासह पाहावी, ही त्याची शिकवण. तिची बीजे त्या खेड्यातील रोजच्या फेऱ्यांत होती.

‘लागोआ सांता’चा पोर्तुगीज अनुवाद १९०८ साली ब्राझीलमध्येच प्रसिद्ध झाला. वार्मिंगचे प्रत्येक अनुमान टिकले असे नाही. दुष्काळ हेच सेर्राडोच्या खुजेपणाचे प्रमुख कारण, असे मानले जाई. १९४० च्या दशकात साओ पावलो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की तेथील खोल मातीत कोरड्या दिवसांतही ओल टिकून असते आणि लांब मुळे तिथवर पोहोचतात. परंतु या संशोधकांनाही वार्मिंगच्या नोंदींपासूनच आरंभ करावा लागला. हिशेब चोख लिहिलेला असेल, तर निष्कर्षातील चूक पुढच्याला दुरुस्त करता येते. मूळ नोंदच नसेल, तर दुरुस्त तरी काय करणार?

मूळ आणि शेंडा

या कथेचा एक धागा आपल्या व्यवहारापर्यंत येऊन पोहोचतो. सेर्राडोचे क्षेत्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर आहे. आम्ल मातीमुळे ही जमीन शेतीस निरुपयोगी समजली जाई. १९७० च्या दशकापासून चुना आणि खते घालून ती लागवडीखाली आणण्याचे तंत्र विकसित झाले आणि सोयाबीन, मका, कापूस व कुरणे यांनी सुमारे निम्मा सेर्राडो व्यापला. भारत जे सोयाबीन तेल आयात करतो, त्याचा मोठा वाटा आर्जेंटिनाचा असला, तरी ब्राझीलचाही त्यात भाग आहे. ज्या समाजातील अनेक कुटुंबे धान्य आणि तेलाच्या व्यापारात आहेत, त्या समाजाला हा विषय परका म्हणता येणार नाही.

जैन परंपरेत लेश्यांचा दृष्टांत घरोघरी सांगितला जातो. फळांनी लगडलेल्या झाडापाशी सहा भुकेले वाटसरू येतात. कृष्णलेश्येचा मनुष्य झाड मुळापासून तोडू म्हणतो. कोणी खोड, कोणी मोठी फांदी, कोणी डहाळी तोडू पाहतो. कोणी फक्त फळे खुडू म्हणतो. आणि शुक्ललेश्येचा मनुष्य आपोआप गळून पडलेली फळे वेचतो. भूक सर्वांची सारखीच, फरक भावाचा. वार्मिंगला हा दृष्टांत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु शेंडा जाणे आणि मूळ जाणे यांतील अंतर त्याने सेर्राडोच्या मातीत प्रत्यक्ष पाहिले होते. शतकानुशतके आगी सोसूनही जे झुडूप पुन्हा फुलले, ते नांगराने मुळासकट उपटल्यावर फुलत नाही.

ब्राझीलमध्ये शेती करू नये किंवा आपण तेल खाऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. कोट्यवधी लोकांचे पोट त्यावर आहे. परंतु वापरलेली जमीन पुन्हा वापरावी, नवा माळ उखडू नये, आणि माल घेताना तो कोणत्या भूमीतून आला याची विचारणा व्हावी, एवढा विवेक व्यापारात राखता येतो. अल्पारंभाचा उपदेश श्रावकाला काही नवा नाही.

वार्मिंग १९२४ साली निवर्तला. लुंड त्यापूर्वीच, १८८० मध्ये, लागोआ सांतातच चिरविश्रांत झाले होते. आज त्या गावाचे शहर झाले असून जवळच बेलो होरिझोन्तीचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ज्या माळावर एका तरुणाने रोज फिरून नोंदी केल्या, त्याचा बराच भाग आता वस्तीखाली आणि रस्त्यांखाली गेला आहे. तेथे पूर्वी काय होते, हे जाणून घेण्यासाठी ब्राझीलचे अभ्यासक आजही त्या एकवीस वर्षांच्या परदेशी मुलाच्या वह्यांतून उतरलेला ग्रंथ उघडतात.