शिक्षकाचे पंचेचाळीस तास

शिक्षकाच्या कामाविषयीं बोलणें निघालें कीं समाजांत एक ठरलेला शेरा ऐकूं येतो. "मास्तरांचें बरें आहे. अकरा ते पांच शाळा, दिवाळीची सुटी, मे महिन्याची सुटी, आणि महिन्याच्या महिन्याला पगार." असा शेरा मारणारीं माणसें वाईट असतात असें नव्हे. त्यांना शिक्षकाचें जें काम दिसतें तें फळ्यासमोरचें. आणि फळ्यासमोर उभा असलेला मनुष्य घटकाभर पाहणाऱ्याला श्रमलेला दिसत नाहीं. शेतकऱ्याचा घाम दिसतो, हमालाच्या पाठीवरचें पोतें दिसतें. शिक्षकाचें ओझें मात्र डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं. तें हिशेबानेंच मोजावें लागतें. हा हिशेब कांहीं कठीण नाहीं; चौथीच्या मुलालाहि तो पाटीवर मांडतां येईल.

हिशेबाचे पहिले आंकडे कायद्यांतच दिलेले आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ सालीं संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या अनुसूचींत असें सांगितलें आहे कीं, पहिली ते पांचवीच्या वर्गांना वर्षांतून निदान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावें. सहावी ते आठवीच्या वर्गांना २२० दिवस व १००० तास व्हावें. शिक्षकाच्या कामाचे मात्र दर आठवड्यास निदान ४५ तास धरले आहेत, आणि या तासांत पाठाच्या तयारीचे तासहि मोजावेत असें स्पष्ट म्हटलें आहे. ८०० तासांस २०० दिवसांनीं भागलें म्हणजे रोजचे ४ तास होतात. सहा दिवसांचा आठवडा धरला तर २४ तास झाले. ४५ मधून २४ वजा जातां २१ उरले. सहावी ते आठवीच्या शिक्षकाचा असाच हिशेब केला तर सुमारें १८ तास उरतात. हे उरलेले तास विसाव्याचे नव्हेत. पाठाचें टाचण, वह्यांची तपासणी, मागें पडलेल्या मुलाला जवळ घेऊन बसणें, पालकांची भेट, हीं सर्व कामें याच तासांत व्हावयाचीं असतात. शिक्षकाच्या श्रमाचा सारा प्रश्न या उरलेल्या तासांत सांठवलेला आहे.

एका वह्यांचेंच उदाहरण घ्यावें. वर्गांत ३० मुलें आहेत, आणि भाषा व गणित या दोन विषयांच्या वह्या रोज तपासावयाच्या आहेत. केवळ तांबड्या शाईची खूण न करतां चूक कोठें झाली हें पाहावयाचें, तर एका वहीला ३ मिनिटें सहज लागतात. ६० वह्यांना १८० मिनिटें, म्हणजे ३ तास लागले. आठवड्याचे झाले १८. एकवीसपैकीं तीन तास काय ते हातीं राहिले, आणि अजून उद्यांच्या पाठाचें टाचण लिहावयाचें आहेच. म्हणजे शिक्षकानें आपलें काम मन लावून करावयाचें म्हटलें तर कायद्यानें दिलेला वेळ जेमतेम पुरतो. त्यांत दुसऱ्या कामाला जागा नाहीं.

आतां हाच हिशेब एखाद्या लहान गांवच्या शाळेंत नेऊन पाहावा. त्याच कायद्याप्रमाणें प्राथमिक शाळेंत ६० पर्यंत मुलें असतील तर दोन शिक्षक द्यावयाचे, आणि ६१ ते ९० असतील तर तीन. तीस मुलांमागें एक शिक्षक, हें प्रमाण कागदावर उत्तम दिसतें. परंतु खेड्यांतील हीं तीस मुलें एका इयत्तेचीं नसतात. इयत्ता पांच, खोल्या दोन आणि शिक्षकहि दोन. एकाकडे पहिली व दुसरी. दुसऱ्याकडे तिसरी, चौथी व पांचवी. या दुसऱ्या शिक्षकाचे चार तास, म्हणजे २४० मिनिटें, तीन वर्गांत वाटलीं तर प्रत्येकाच्या वाट्यास ८० मिनिटें येतात. बाकीचा वेळ मुलांनीं दिलेला अभ्यास आपापला करावयाचा. कसबी शिक्षक हेंहि निभावून नेतो. तिसरीला उदाहरणें घालून देतो, पांचवीला मनांत वाचावयास सांगतो आणि मधल्या वेळांत चौथीचा पाठ घेतो. तीन चुलींवर तीन भांडीं ठेवून एकहि करपूं न देणाऱ्या गृहिणीसारखें त्याचें लक्ष तिन्हीकडे असतें.

पण ज्या दिवशीं जोडीदाराला तालुक्याच्या गांवीं बैठकीचें बोलावणें येतें, त्या दिवशीं पांचहि वर्ग एकाच्याच पदरांत पडतात. २४० मिनिटें भागिले पांच; प्रत्येक वर्गाला ४८ मिनिटें. मोठीं मुलें कांहींतरी वाचीत बसतील. पहिलीच्या मुलाला आपापला अभ्यास करतां येत नाहीं, कारण त्याला अजून अक्षरच ओळखतां येत नसतें. तें पाटीवर रेघोट्या ओढीत बसतें. बैठकीला गेलेल्या शिक्षकाची नोंद शाळेच्या वहींत होते. त्या मुलाच्या बुडालेल्या तासाची नोंद कोठेंच होत नाहीं.

हे तास जातात तरी कोठें? शाळा उघडून हजेरी झाली कीं दुपारच्या जेवणाचा हिशेब पुढें येतो. पहिली ते पांचवीच्या प्रत्येक मुलामागें रोज १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ असें प्रमाण आहे. ५४ मुलें हजर असलीं तर ५ किलो ४०० ग्रॅम तांदूळ मोजून द्यावयाचा, सांठ्याच्या वहींत तो वजा करावयाचा, शिजलेल्या अन्नाची चव मुलांच्या आधीं पाहावयाची व तशी नोंद ठेवावयाची. हें काम निरर्थक आहे असें कोणी म्हणणार नाहीं. २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बिहारमधील सारण जिल्ह्यांत शाळेंतील जेवणानें विषबाधा होऊन २३ मुलें मरण पावलीं. मुलाच्या पोटांत अन्न गेलेंच पाहिजे, आणि तें निर्धोकहि असलेंच पाहिजे. प्रश्न इतकाच कीं, तांदूळ मोजणारा हात आणि खडू धरणारा हात एकच असावा काय?

जेवणामागून इतर कामें येतात. जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याचे दाखले, गणवेशांचें व पुस्तकांचें वाटप, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, मुलांच्या आधार क्रमांकांची जुळणी, यू-डायसची माहिती, सरलची माहिती. पुष्कळदां तीच माहिती आधीं कागदावर, मग संगणकावर आणि नंतर भ्रमणध्वनीवर अशी तीनदां भरावी लागते. डोंगराळ भागांत तर संदेशलहरी मिळाव्या म्हणून शिक्षक शाळेमागच्या टेकाडावर चढून उभा राहतो. मोठ्या शाळेंत लिपिक असतो, शिपाई असतो. खेड्यांतल्या प्राथमिक शाळेंत बहुधा दोघेहि शिक्षकच असतो.

शिक्षकावर गांवचीं इतर कामें सोंपवावीं ही कल्पना मात्र आजची नव्हे, आणि ती वाईट हेतूनेंहि निघालेली नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर केलें, त्यांत तिचा उल्लेख आहे. शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गांवीं १५ किंवा २० रुपये पगार असावा, असें त्यांनीं सुचविलें. त्यासोबत गांवच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशीं कामें त्याला जोडून दिल्यास गांवांत त्याचें वजन वाढेल, असेंहि त्यांनीं म्हटलें. ज्या काळीं लिहितां वाचतां येणारा मनुष्य गांवांत दिवा घेऊन शोधावा लागे, त्या काळीं ही सूचना अत्यंत शहाणपणाची होती. त्या कामांनीं शिक्षकाला मान मिळाला असता, आणि शिक्षकाच्या मानानें शाळेला. पुढें परिस्थिति पालटली. आज गांवांत तलाठी आहे, ग्रामपंचायतीचा अधिकारी आहे, टपाल कार्यालय आहे, आणि शिकलेलीं तरुण मुलें तर घरोघर आहेत. कारण संपलें, संवय तेवढी मागें राहिली. फुल्यांच्या सूचनेंतील पगार आणि मान हे दोन भाग बाजूला पडले व जोडकामाचा तिसरा भाग मात्र वाढत गेला, असेंच म्हणावें लागतें.

कायद्यानें या संवयीला आळा घालण्याचा यत्न केला आहे. २००९ च्या अधिनियमाच्या २७ व्या कलमान्वयें शिक्षकाला तीन अपवाद सोडून कोणत्याहि अशैक्षणिक कामास लावतां येत नाहीं. ते अपवाद म्हणजे दहा वर्षांनीं होणारी जनगणना, आपत्तींतील मदतकार्य आणि निवडणुका. त्यापूर्वींच, डिसेंबर २००७ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें निवडणुकीच्या कामाविषयीं निर्णय देतांना असें सांगितलें होतें कीं, मतदार याद्यांसारखीं कामें शिक्षकांना सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीं द्यावीं. शिकवण्याच्या दिवशीं व शिकवण्याच्या वेळांत सामान्यतः देऊं नयेत. महाराष्ट्र शासनानेंहि ऑगस्ट २०२४ मध्यें शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक व अशैक्षणिक अशी वर्गवारी जाहीर केली. हे निर्णय योग्यच आहेत. तथापि त्यांचा दुसरा अर्थहि ध्यानांत घेतला पाहिजे. मुलाचा तास वांचला खरा, पण तें काम शिक्षकाच्या रविवारावर जाऊन पडलें. काम नाहींसें झालें नाहीं. फक्त त्याची किंमत वर्गाऐवजीं विश्रांतींतून दिली जाऊं लागली.

विश्रांति म्हणजे चैन नव्हे, हें शरीर बजावून सांगतें. माणूस बोलतो तेव्हां घशांतील स्वरतंतु एकमेकांवर आपटत असतात. स्त्रीच्या आवाजांत ही क्रिया सेकंदाला सुमारें दोनशें वेळां होते. एक तास अखंड आवाज काढला तर हा आंकडा सात लाखांच्या वर जातो. दोन खोल्यांच्या शाळेंत शेजारच्या वर्गाच्या गलक्यावर आवाज चढवावा लागतो, तेव्हां तंतूंवरचा ताण आणखी वाढतो. वर्षानुवर्षें असें झाल्यानें घसा बसणें, आवाज फाटणें, तंतूंवर गांठी येणें हे विकार होतात. इतर व्यवसायांतील लोकांपेक्षां शिक्षकांत ते अधिक आढळतात. दिवसभर उभें राहिल्यानें पायांच्या शिरा फुगतात. शिक्षिकेची तर शाळा सुटली कीं दुसरी पाळी घरीं सुरू होते. कायद्याच्या अनुसूचींत मुलांसाठीं व मुलींसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें, पिण्याचें पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण व कुंपण यांचा उल्लेख आहे, आणि तो असावयासच हवा. परंतु शिक्षिकेसाठीं वेगळें स्वच्छतागृह, किंवा निवांत बसून वह्या तपासतां येतील अशी शिक्षकांची खोली, त्या यादींत नाहीं.

शरीरापेक्षां मनाचा शीण अधिक सूक्ष्म असतो. शिक्षकाचें खरें भांडवल म्हणजे त्याचें लक्ष. मागच्या बाकावरचा मुलगा आज गप्प कां, हें ज्याच्या ध्यानांत येतें तो शिक्षक. उद्यां भरावयाच्या माहितीचा घोर ज्याच्या मनाला लागला आहे त्याला तो मुलगा दिसत नाहीं. नव्या शिक्षकाला आणखी एक काळजी असते. महाराष्ट्रांत २००० सालापासून नेमणुकीचीं पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर काढावीं लागतात. प्राथमिक शाळेसाठीं हें मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये झालें. ज्या वर्षांत कामाची उमेद सर्वांत जास्त, त्याच वर्षांत घरभाड्याचा हिशेब मनांत चालावा, हें शाळेच्या हिताचें नाहीं.

यावर उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचेहि नाहींत. केंद्रांतील आठ-दहा शाळांमिळून एक लिपिक नेमला तरी कित्येक तास मोकळे होतील. माहिती एकदांच घ्यावी व ती सर्व कार्यालयांनीं तेथून उचलावी. दोन शिक्षकांच्या शाळेंतून एकाला बोलवावयाचें तर त्या दिवसापुरता बदली शिक्षक आधीं पाठवावा. पालकांचेंहि यांत काम आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असा नियम आहे. या पालकांनीं शाळेंत आणखी एक वही ठेवावी, आणि ती शिक्षकाला लिहावयास न लावतां स्वतः लिहावी. महिन्यांतून किती दिवस शिक्षक वर्गाबाहेर होता, आणि कोणाच्या आज्ञेनें होता, एवढेंच तींत असावें. वर्षाअखेर ती वही ग्रामसभेंत वाचली गेली तर मास्तरांच्या सुट्यांविषयींचे पुष्कळसे शेरे आपोआप थांबतील.

आपल्या देशांत १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन पाळला जातो. त्या दिवशीं मुलें फुलें देतात, भाषणें होतात, गुरूचा महिमा गाइला जातो. त्यानंतर बरोबर एका महिन्यानें, ५ ऑक्टोबरला, जगांतील शिक्षकदिन येतो, तो १९९४ पासून. ती तारीख एका दस्तऐवजाची आहे. ५ ऑक्टोबर १९६६ रोजीं पॅरिस येथें शिक्षकांच्या दर्जाविषयींची आंतरराष्ट्रीय शिफारस संमत झाली. शिक्षकाचे तास ठरवितांना मुलांची संख्या, पाठाची तयारी, तपासणी आणि पालकांच्या भेटी या सर्वांचा विचार व्हावा, असें तींत सांगितलें आहे. पहिला दिवस वंदनाचा, दुसरा हिशेबाचा. फुलें देणाऱ्या मुलाच्या मनांत कृतज्ञता असते, आणि ती निर्मळ असते. वडील माणसांनीं मात्र त्या फुलांवर थांबूं नये. शिक्षकाला दिलेल्या पंचेचाळीस तासांपैकीं मुलाच्या वाट्याला किती आले, एवढा प्रश्न वर्षांतून एकदां तरी विचारावा. त्याच्या उत्तरावर पहिलीच्या पाटीवर अक्षर उमटणार कीं रेघोटी, हें ठरावयाचें आहे.