एक क्षारक, अनेक लवणे

जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, भेडाघाट येथे, नर्मदा संगमरवराच्या शुभ्र कड्यांमधून वाहते. तेथील दगडात कॅल्शियम कार्बोनेटाच्या जोडीला मॅग्नेशियमचेही कार्बोनेट असते. मकराण्याच्या संगमरवरावर थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला की तो तत्काळ फसफसतो. असा मॅग्नेशियमयुक्त दगड मात्र पूड केल्यावाचून फारशी दाद देत नाही.

अम्ल आणि क्षारक एकत्र आले असता पाणी व लवण तयार होते. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. आपले खाण्याचे मीठ हे अशा असंख्य लवणांपैकी केवळ एक होय. कार्बोनेटही अम्लाला असेच निष्प्रभ करते. मात्र त्या वेळी कार्बन डाय-ऑक्साइड वायू निसटतो. फसफसणे ते हेच.

पूर्वी जबलपूर जिल्ह्यात असलेले कटनी चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे. भट्टीतील चुनकळी पाण्यात विरवली की कॅल्शियम हायड्रॉक्साइड हा क्षारक मिळतो. हायड्रोक्लोरिक अम्लाशी त्याचे कॅल्शियम क्लोराइड बनते. ते हवेतील ओलावा इतका शोषते की अखेर त्यातच विरघळून जाते. नायट्रिक अम्लापासून मिळणारे नायट्रेट खत म्हणून उपयोगी पडते.

गंधकाम्लाची गोष्ट निराळी. त्याच्यापासून होणारे जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणून संगमरवराचा तुकडा सौम्य गंधकाम्लात टाकला, तर आरंभी बुडबुडे येतात आणि लवकरच थांबतात. अम्ल शिल्लक असते, दगडही असतो; पण लवणाचा थर दोहोंच्या आड आलेला असतो. हे संरक्षण मात्र फसवे. इमारतीवरील असा थर पावसाने झिजतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतला दगड पुन्हा उघडा पडतो. ताजमहालाच्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांनी नैसर्गिक वायू वापरावा अथवा स्थलांतर करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिला, त्यामागे हीच चिंता होती. गंधकाम्लाचे मॅग्नेशियमशी होणारे लवण मात्र सहज विरघळते. रेचक म्हणून घेतले जाणारे विलायती मीठ ते हेच.

कार्बॉनिक अम्ल सर्वांत सौम्य, परंतु त्याची लवणे दोन. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यास ती दुधाळ होते, कारण न विरघळणारे कार्बोनेट बनते. फुंकत राहिल्यास विद्राव्य बायकार्बोनेट बनून निवळी पुन्हा स्वच्छ होते. पावसाचे पाणी चुनखडकातून हेच लवण वाहून नेते. असे पाणी उकळले की बायकार्बोनेट मोडते आणि भांड्याच्या तळाशी कार्बोनेटाचे पांढरे पुट धरते.