तळपायाची चामखीळ : नाव, समजूत आणि उपचार

रोगाच्या नावात त्या रोगाविषयीची एक समजूत साठवलेली असते, आणि घरगुती उपचार बहुधा त्या समजुतीला अनुसरूनच ठरतात. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवर तळपायाला होणारी आणि काही केल्या न हटणारी चामखीळ हे याचे चांगले उदाहरण आहे. ओल्या वाळूत अनवाणी उभा राहून रापण ओढणारा किंवा जांभ्याच्या कातळावरून रोज चालणारा माणूस तळव्यावरच्या कठीण गाठीला कधी कुरूप म्हणतो, कधी भोवरी, कधी चामखीळ. शब्दांची सरमिसळ झाली की उपचारांचीही होते, आणि त्यांतील काही उपचार पायाला कायमची इजा करणारे आहेत. म्हणून वैद्यकाचा अधिकार नसतानाही भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे लक्ष घालण्यास हरकत नसावी.

‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ यापासून सरळ आलेला आहे. ‘र्म’चा प्राकृतात ‘म्म’ झाला व पुढे ते द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला : चर्म, चम्म, चाम. ‘कील’चे ‘खील’ असे महाप्राणयुक्त रूप प्राकृतात आढळते, आणि दोन स्वरांमधील ‘ल’चा मराठीत ‘ळ’ होणे नियमितच आहे. अर्थ असा की, कातड्यात ठोकलेली खुंटी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या प्रकरणात चर्मकीलाचा उल्लेख येतो. प्रकुपित झालेला व्यान वायू कफाला बरोबर घेऊन त्वचेबाहेर खिळ्यासारखे स्थिर अंकुर उत्पन्न करतो, असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात, खडा वा काटा लागून पायाला होणारी गाठ मात्र ‘कदर’ या वेगळ्या नावाने क्षुद्ररोगांत दिली असून, ती कापून काढून तापलेल्या स्नेहाने डागावी असा उपाय सांगितला आहे. म्हणजे आजच्या बोलण्यात जो भेद पुसला गेला आहे, तो सुश्रुताने पाळला होता. (हा ‘कदर’ मराठीत टिकला नाही. आज कदर म्हटले की अरबी-फारसीतून आलेला, पर्वा या अर्थाचा शब्दच आठवतो.)

भेद पुसला जाण्याचे कारण तळपायाच्या स्थितीत आहे. हातावरची चामखीळ वर उगवते. लॅटिन भाषेत तिला ‘व्हेरूका’ म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ उंचवटा, टेकडी. तळव्यावर शरीराचा भार पडत असल्यामुळे ती आत दाबली जाते, वर निबर कातडीचा थर चढतो, आणि ती कुरुपासारखीच दिसू लागते. ओळखण्याच्या खुणा तरीही आहेत. कुरूप व घट्टा यांवरून कातडीच्या बारीक रेषा अखंड जातात. चामखिळीपाशी त्या तुटून बाजूने वळतात. कुरूप वरून दाबले असता दुखते, चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली असता अधिक दुखते. वरचा थर खरवडल्यावर चामखिळीत काळे ठिपके दिसतात.

या ठिपक्यांना लोक ‘मूळ’ म्हणतात, आणि येथेच नाव घात करते. खुंटी म्हटली की ती उपटावयाची, मूळ म्हटले की ते खणावयाचे. वस्तुतः ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या होत. १९०७ साली चिउफो या इटालियन वैद्याने चामखिळीचा गाळलेला, पेशीविरहित अर्क त्वचेत टोचून नवी चामखीळ उत्पन्न केली व हा विकार विषाणूजन्य असल्याचे दाखवले. पुढे ज्याला मानवी पॅपिलोमा विषाणू हे नाव मिळाले तो त्वचेच्या बाह्य थरातच राहतो. खाली त्याचे मूळ असे काही नाही. ब्लेडने खोल खणणाऱ्याच्या हाती मूळ येत नाही, मात्र तळव्यावर चालताना दुखणारा व्रण मागे राहतो, आणि कडेने नवी चामखीळ उगवते ती निराळीच.

आता किनाऱ्यावरील सर्वांत जवळच्या औषधाकडे, म्हणजे काजूच्या टरफलाच्या तेलाकडे वळू. मालवणी बोलीतील ‘काजी’ काय किंवा ‘काजू’ काय, शब्द पोर्तुगीजांमार्फत ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला आहे, आणि झाडही त्यांनीच सोळाव्या शतकात आणले. टरफलातील जहाल तेल भेगा, कुरुपे व चामखिळी यांवर लावण्याची चाल पडली; देशावर हेच काम बिब्ब्याकडे आहे. ही दोन झाडे एकाच कुळातील. युरोपातील जुने औषधविक्रेते ‘अनाकार्डियम’ म्हणत ते आपल्या बिब्ब्याला. काजूच्या वंशाला ते नाव मागाहून मिळाले.

या तेलातील प्रमुख द्रव्य अनाकार्डिक आम्ल होय. त्याचा रेणू म्हणजे सॅलिसिलिक आम्लाच्या रेणूला जोडलेली लांब कर्बसाखळी. आणि सॅलिसिलिक आम्ल हेच चामखिळीवरचे आजचे सर्वमान्य औषध आहे. (सॅलिक्स म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड.) तेव्हा आजीबाईंचा बटवा खरा ठरला असे कोणी म्हणेल, पण ते घाईचे होईल. काजू भाजला की उष्णतेने या आम्लातील कर्बाम्लवायू निघून जातो व बराचसा भाग कार्डानॉल बनतो, म्हणजे औषधाशी असलेले नातेच तुटते. न भाजलेल्या टरफलाच्या तेलात आम्ल असते, पण सोबत कार्डोलसारखी त्वचा पोळणारी द्रव्येही असतात. मात्रा मोजता येत नाही, निरोगी कातडीही जळते. बिब्ब्याची गत याहून वाईट.

दुकानात मिळणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचा गुण त्याच्या मोजलेल्या प्रमाणात आहे. शेकडा १७ च्या आसपासचे द्रावण किंवा ४० टक्क्यांची पट्टी वापरतात. पाय कोमट पाण्यात भिजवावा, वजरीने निबर थर घासावा, भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन लावावे आणि औषध नेमके चामखिळीवरच ठेवावे. हे रोज, निदान १२ आठवडे. ती वजरी दुसऱ्या कोणी वापरू नये. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात आणि औषधाला बोल लावतात. अर्थात चिकाटीलाही मर्यादा आहेत. २०११ साली ब्रिटन व आयर्लंडमधील २४० रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल आणि द्रव नायट्रोजनने गोठवणे या दोहोंची तुलना केली असता, १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुमारे १४ टक्केच रुग्ण पूर्ण बरे झालेले आढळले. इमिक्विमॉडसारखी मलमे तळव्याच्या जाड थरातून नीट झिरपत नाहीत. म्हणून हट्टी चामखिळींत गोवर-गालफुगी-रुबेला लस टोचून शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच जागे करण्याचा मार्ग त्वचारोगतज्ज्ञ अवलंबतात. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा वर्षादोन वर्षांत आपोआप जातात. मंतरलेल्या दोऱ्याची व उताऱ्याची कीर्ती बव्हंशी यावरच उभी आहे. मधुमेही किंवा पायाची संवेदना गेलेल्या माणसाने मात्र यांपैकी काहीही, दुकानातील पट्टीसुद्धा, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नये. त्याला भाजलेले कळत नाही, आणि एवढ्याशा जखमेचे पर्यवसान पाय गमावण्यात होऊ शकते.

बोलीच्या शब्दसंग्रहासाठी किनाऱ्यावर जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना एक सूचना. ‘कुरूप’, ‘भोवरी’, ‘चामखीळ’ हे शब्द टिपताना नुसता प्रमाणभाषेतील प्रतिशब्द लिहून पुढे जाऊ नये. सांगणाऱ्याने पायावर बोट ठेवून काय दाखवले, रेषा तुटल्या होत्या की अखंड होत्या, ठिपके होते की नव्हते, आणि त्यावर तो काय लावतो, हेही त्याच नोंदीत यावे.